माहेरचं नाव दगडावर

ऐरोलीच्या खाडीकाठी पहाटे उभं राहिलं की समोर येऊरचे डोंगर दिसतात. थंडीच्या दिवसांत खाडीत रोहित पक्षी उतरतात, म्हणून नवी मुंबईतले पुष्कळ लोक दुर्बीण गळ्यात अडकवून तिकडे जातात. मीही पक्ष्यांसाठीच जायचे. गेली काही वर्षं मात्र माझं लक्ष पक्ष्यांवरून त्या डोंगरांकडे जातं. डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या बाजूला, कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावर साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा संस्कृत लेख आहे. शतेरक नावाच्या अमात्याने ते टाकं दान दिलं, एवढंच त्याचं निमित्त. पण हा अमात्य कोणाचा विश्वासू होता हे लेख सांगतो, आणि तिथे एक राणी समोर येते. ती वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची पत्नी. तिचं स्वतःचं नाव आज त्या लेखात सापडत नाही. सापडतं ते तिचं माहेर. कार्दमक राजांच्या कुळात जन्मलेली, एका महाक्षत्रपाची मुलगी, अशी तिची ओळख दिली आहे. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर 'रु' तेवढं स्पष्ट आहे. तो रुद्रदामन, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

हा रुद्रदामन म्हणजे गुजरात-माळव्याचा बलाढ्य शक राजा. गिरनारच्या पायथ्याशी, आजच्या जुनागढमध्ये, त्याने इ.स. १५०च्या सुमाराला एक मोठा लेख कोरवला. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा समोरासमोरच्या लढाईत हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याचा उच्छेद केला नाही. नातं कोणतं, ते तो सांगत नाही. कान्हेरीचं टाकं सांगतं. महाराष्ट्रावरचं सातवाहनांचं राज्य टिकलं, त्यात सैन्याइतकाच एका सुनेच्या माहेराचा वाटा होता.

प्राचीन काळात बायकांच्या हाती सत्ता कशी आली, असा प्रश्न निघाला की आपल्याला लगेच क्लिओपात्रा आठवते. आपल्याच घाटांत, लेण्यांत आणि ताम्रपटांवर याचं उत्तर कोरून ठेवलेलं आहे, हे आपल्याला शाळेत कोणी नीट सांगितलं नाही. मी ते लेख मुळातून समजून घ्यायला लागले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ज्या बायकांनी राज्य चालवलं, त्यांनी सासरी राहून माहेर पुसलं नव्हतं. उलट, सत्ता हातात आल्यावर त्यांनी माहेर जास्तच ठळक अक्षरांत लिहवून घेतलं.

यातला सगळ्यात जुना पुरावा आपल्याकडून एका सकाळच्या अंतरावर आहे. महापे, शीळफाटा, कल्याण, मुरबाड करत माळशेजच्या रस्त्याला लागायचं, टोकावडे मागे टाकायचं आणि वैशाखरे गावापाशी गाडी सोडायची. तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. दगडी पायऱ्या, जंगल, आणि वर नानाच्या अंगठ्याचा सुळका. शतकानुशतकं हीच वाट कल्याण बंदरातला माल जुन्नरला आणि पुढे पैठणला नेत होती. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिच्यात कल्याणचं नाव आहे. हे बंदर पूर्वी रीतसर व्यापाराचं होतं, पुढे राजकारण बदललं आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, अशी तक्रारही आहे. घाटमाथ्यावर आजही एक भला मोठा दगडी रांजण उभा आहे. त्यात जकातीची नाणी पडत असत, असं लोक सांगतात.

जिथे घाट संपतो तिथेच एक चौकोनी लेणं आहे. ते ना चैत्य, ना विहार. वाटेवरच्या माणसाला दोन घटका टेकता यावं अशी ती जागा. आत शिरलं की डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख, मिळून वीस ओळींचा, आणि समोरच्या भिंतीवर आठ पुतळ्यांची जागा. पुतळे फुटले. काहींची पावलं तेवढी शिल्लक आहेत. वरची नावं मात्र बरीच वाचता येतात. भगवानलाल इंद्रजी या थोर संशोधकाने एकोणिसाव्या शतकात या लेखाचे ठसे घेतले, ब्यूलर यांनी त्याचं वाचन केलं, आणि तेव्हापासून हे लेणं अभ्यासकांना झोपू देत नाही.

पहिलं नाव सिमुक सातवाहनाचं, म्हणजे वंशाच्या संस्थापकाचं. दुसऱ्या ठिकाणी एक जोडपं होतं. तिथली अक्षरं अशी: 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. देवी नायनिकेचा आणि राजा श्री सातकर्णीचा, असा त्याचा अर्थ. आधी राणी, मग राजा. प्राकृत समजायला कठीण नाही. जरा हळू वाचलं तर आपल्याच आजीची भाषा वाटते. ही नायनिका म्हणजे नागनिका. पुढे राजकुमारांची नावं येतात, आणि त्यांच्या मध्ये एक अनपेक्षित नाव आहे: महारठी त्रणकयिर. महारठी म्हणजे त्या प्रदेशातला मोठा सरदार. तो नागनिकेचा बाप असावा असं मानतात. सासऱ्यांच्या वंशाच्या चित्रशाळेत तिने आपल्या वडिलांना उभं केलं आहे!

डाव्या भिंतीवरच्या लेखात ती स्वतः येते. महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा आणि व्रतं जाणणारी, असं तिचं वर्णन आहे. विधवेचं हे वर्णन आहे हे उघड आहे. वेदिश्री आणि शक्तिश्री या मुलांची आई, असाही उल्लेख येतो. नवरा गेलेला, मुलं लहान, आणि राज्य तर चालवायला हवं. बहुतेक इतिहासकार मानतात की ती मुलांच्या नावाने कारभार पाहत होती.

आणि मग यज्ञांची यादी. राजसूय, दोन अश्वमेध, अग्न्याधेय, गवामयन आणि इतर कितीतरी. प्रत्येकापुढे दक्षिणा किती दिली त्याचा हिशेब: कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कुठे २४,४०० कार्षापणं. शिवाय यज्ञ पाहायला आलेल्यांना आणि नोकरचाकरांना वाटलेली रक्कम वेगळी. हे आकडे अंकांत लिहिले आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाचे अंक फार जुने म्हणून जगभर ओळखले जातात. एका राणीच्या हिशेबामुळे ते आपल्यापर्यंत आले.

इथे एक वाद आहे. यज्ञ करायचा अधिकार बाईला एकटीला नव्हता, म्हणून हे यज्ञ सातकर्णीने केले आणि नागनिका पत्नी म्हणून शेजारी बसली, असं म्हणणारे आहेत. लेखाची भाषा मोठी सावध आहे. 'यज्ञ केला गेला' असं कर्मणी वाक्य पुन्हा पुन्हा येतं. कोणी केला, ते क्रियापदातून निघत नाही आणि मधली अक्षरं झिजलेली आहेत. मला स्वतःला वाटतं, यज्ञ दोघांचे असतील, पण तो लेख तिचा आहे. कुठे कोरायचा, कोणाचे पुतळे उभे करायचे, कोणाचं नाव आधी लिहायचं, हे ठरवणारी ती होती. आणि तिने जागा निवडली ती राजवाडा किंवा देऊळ सोडून जकातीच्या नाक्यावरची. पैठणला जाणारा प्रत्येक व्यापारी, प्रत्येक बैलवाला, परमुलखातला प्रत्येक माणूस त्या भिंतींपुढून जाणार होता. राजा मेला आहे, पोरं लहान आहेत, तरी हे घराणं हजारो गाई आणि हजारो नाणी उधळू शकतं, हे त्याला कळायला हवं होतं.

जुन्नर परिसरातून मिळालेल्या चांदीच्या नाण्यावर सातकर्णीच्या नावाबरोबर नागनिकेचंही नाव आहे. नाणं म्हणजे बाजारातल्या प्रत्येक तळहातावर गेलेलं राज्याचं नाव. त्यावर राणीचं नाव असणं ही साधी गोष्ट नाही.

नागनिकेचा काळ इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपास धरतात, काही जण आणखी मागे नेतात. म्हणजे इजिप्तची क्लिओपात्रा आणि ती फार दूरच्या काळातल्या नव्हेत. त्याआधी चौदा-पंधराशे वर्षं इजिप्तमध्येच हात्शेप्सुत होऊन गेली. सावत्र मुलगा लहान म्हणून ती कारभार पाहू लागली आणि पुढे स्वतःच फॅरो झाली. शिल्पांत तिने राजाची दाढीही लावून घेतली. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिची नावं छिन्नीने खरवडली गेली. चीनमध्ये हान घराण्याची ल्यू सम्राज्ञी नवऱ्यामागे इ.स.पू. १८० पर्यंत राज्य हाकत होती, आणि सिमा च्येन या इतिहासकाराने सम्राटांच्या चरित्रांमध्ये तिला स्वतंत्र प्रकरण दिलं. सगळीकडे दार एकच: मेलेला नवरा आणि लहान मुलगा. आपल्याकडे १७०० साली राजाराम महाराजांच्या मागे ताराबाई त्याच दारातून आत आल्या आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंजल्या. दार समाजाने ठेवलेलं असतं. आत गेल्यावर कोण काय करतं, तिथे माणसाची कुवत दिसते.

नाशिकच्या पांडवलेण्यांत ही कुवत कामकाजाच्या कागदासारखी समोर येते. त्रिरश्मी डोंगरावरच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्याच्या २४व्या वर्षाचा एक हुकूम कोरलेला आहे. गोवर्धनचा अधिकारी श्यामक याला तो पाठवला आहे, आणि पाठवणारे दोघे आहेत: राजा, आणि 'जिचा मुलगा हयात आहे' अशी राजमाता. मजकूर अगदी साधा. भिक्षूंना आपण कखडी गावातलं एक शेत दिलं होतं. ते शेत कोणी कसत नाही आणि गावही ओस पडलं आहे. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तनं द्या. त्या जमिनीत कोणी शिरू नये, तिथे मीठ खणू नये, राज्याच्या माणसांनी लुडबूड करू नये.

मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या नवी मुंबईत जमिनी गेलेल्यांना द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची आठवण झाली. जमीन दिली म्हणून कागदावर लिहिलं जातं. ती कसता येते का, तिथपर्यंत रस्ता जातो का, हे पाहायला मात्र कोणी जात नाही. इथे दोन हजार वर्षांपूर्वी एक दिलेलं दान निकामी ठरलं, हे राजवाड्यापर्यंत पोहोचलं, आणि ते दुरुस्त झालं. त्या दुरुस्तीवर एका आईचं नाव आहे. शेवटी लेखक आणि अंमलदारांची नोंद आहे. हुकूम तोंडी दिला गेला आणि तो लिहून घेतला प्रतिहाराच्या कामावर असलेल्या लोटा नावाच्या व्यक्तीने. या नावाचं रूप प्राकृतात स्त्रीलिंगी आहे. म्हणजे हुकूम देणाऱ्यांत एक बाई आणि तो टिपून घेणारीही बाईच. दगडावर एवढीशी जागा मिळाली, पण लोटाचं नाव टिकलं.

ही राजमाता म्हणजे गौतमी बलश्री. मुलगा जाऊन नातू गादीवर आल्यावर, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या वर्षी, तिने तिथेच आणखी एक लेख कोरवला आणि ते लेणं भिक्षुसंघाला दिलं. त्या लेखात ती स्वतःला महाराजांची आई आणि महाराजांची आजी म्हणवते. सातवाहनांच्या सगळ्यात मोठ्या राजाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या आईने सांगितलेलं आहे. शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा. क्षहरात कुळ निःशेष करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. आणि या सगळ्या पराक्रमांच्या रांगेत एक विशेषण येतं: आईची सेवा कधी न चुकवणारा. दुसऱ्या कुठल्या राजाच्या प्रशस्तीत हे इतक्या ठामपणे आलं असतं? इथे आलं, कारण प्रशस्ती कोणी सांगितली हे महत्त्वाचं आहे.

पांडवलेणी बघायला गेलात तर तिसरं आणि दहावं लेणं लागोपाठ पाहा. दहावं नहपान क्षहरात या शक राजाच्या जावयाने, उषवदाताने, खोदवलेलं. तिसरं त्याच्याच धर्तीचं आहे, पण जरा मोठं. ज्याचं कुळ मुलाने संपवलं, त्याच्या लेण्याशेजारी आईने वरचढ लेणं उभं केलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. मुलाने नाण्यांवर जे केलं, ते आईने डोंगरावर केलं.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावं पाहून पुष्कळ जण म्हणतात, सातवाहनांत मातृसत्ता होती. तसं नव्हतं. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. आईच्या माहेरच्या गोत्रावरून राजा ओळखला जायचा, इतकाच त्याचा अर्थ. पण 'इतकाच' म्हणताना माझी जीभ अडखळते. गौतमी आणि वासिष्ठी ही नावं नाण्यांवरून, शासनांवरून, शत्रूच्या तोंडातून फिरली. सुनेचं माहेर राजाच्या नावाचा पहिला अर्धा भाग झालं होतं.

राजघराण्याच्या एक पायरी खाली उतरलं तरी हेच दिसतं. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांत एका पोढीवर, म्हणजे पाण्याच्या टाक्यावर, सामदिनिका नावाच्या बाईचा लेख आहे. ती आपदेवणकाची पत्नी, पण लेखात ती आधी महाभोजाची मुलगी आहे आणि महारठिनी आहे. महारठी या पदाचं स्त्रीलिंगी रूप ती स्वतःला लावते. नाशिकचं चैत्यगृह पुरं करवणारी भट्टपालिका राज्याच्या भांडागारिकाची बायको होती. तिनेही बाप कोण हे नवऱ्याइतकंच स्पष्ट लिहवलं. या बायकांच्या हातात स्वतःचा पैसा होता, तो खर्च करायचा अधिकार होता, आणि खर्च केल्यावर नाव कोरवून घ्यायचा निश्चय होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांत अशा दात्या बायका पावलोपावली भेटतात. भिक्षुणी आहेत, व्यापाऱ्यांच्या आणि गृहस्थांच्या बायका आहेत. मात्र कखडीचं ते न कसलेलं शेत ज्या बायकांनी एकेकाळी कसलं असेल, त्यांचं नाव कुठेही नाही. हे विसरून या राण्यांचं कौतुक करणं मला योग्य वाटत नाही.

आता विदर्भात जाऊ, कारण माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत स्पष्ट आवाज तिथून येतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तरेत गुप्तांचं साम्राज्य शिखरावर होतं आणि विदर्भात वाकाटक राज्य करत होते. दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. रुद्रसेन लवकर वारला. मुलं लहान होती. प्रभावतीने नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, राज्य चालवलं. थोरला मुलगा दिवाकरसेन युवराज असताना, त्याच्या तेराव्या वर्षाचा तिचा ताम्रपट मिळाला आहे. तो पुण्यातल्या एका तांबटाकडे होता. तांब्याच्या धंद्यातल्या माणसाच्या घरी हा पत्रा वितळवला गेला नाही, हे आपलं भाग्य.

ताम्रपटात दान देणाऱ्या राजाची वंशावळ आधी लिहायची रीत असते. प्रभावतीच्या पटात वंशावळ आहे ती गुप्तांची. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, आणि मग ती. आई कुबेरनागा नागकुळातली, हेही लिहिलं आहे. सासर वाकाटकांचं, त्यांचं गोत्र विष्णुवृद्ध. ती मात्र आपलं गोत्र धारण सांगते, जे बापाचं. लग्नानंतर मुलीचं गोत्र बदलतं असं धर्मशास्त्र सांगतं, आणि ही अग्रमहिषी, युवराजाची आई, राज्याची कारभारीण, अधिकृत दस्तऐवजात माहेरचं गोत्र लिहवते! दोन्ही कुळांचा अलंकार, असं ती स्वतःला म्हणवते. त्या पटाच्या मुद्रेवर हे युवराजाच्या आईचं शासन आहे, असं कोरलेलं आहे.

काही इतिहासकारांनी यावरून निष्कर्ष काढला की त्या काळात विदर्भ व्यवहारात गुप्तांच्याच ताब्यात होता आणि प्रभावती बापाच्या सल्ल्याने चालत होती. सल्ला असेलही. बलाढ्य बापाचा आधार कोणाला नको असतो? पण तेरा वर्षं घर शाबूत ठेवून, मुलांना वाढवून, राज्य त्यांच्या हाती सोपवणं हे दुरून दिलेल्या सल्ल्यावर होत नाही. दिवाकरसेन राजा झालेला दिसत नाही. पुढे दामोदरसेन आणि मग दुसरा प्रवरसेन गादीवर आले. प्रवरसेनाच्या १९व्या वर्षाचा प्रभावतीचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरला मिळाला. गोविंदप्रभूंचं रिद्धपूर, तेच. तो पट तिने रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशी, म्हणजे रामटेकहून, दिलेला आहे. मुलगा राजा असतानाही, म्हातारपणी, ती स्वतःच्या नावाने दान देत होती. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात मातीचं एक छोटं मुद्रांकनही मिळालं. त्यावर ब्राह्मीत तिचं नाव आणि शंख आहे. शंख विष्णूचा. वाकाटकांत शिवभक्तीची परंपरा मोठी, गुप्त विष्णुभक्त. माहेरचा देवही ती घेऊन आली होती आणि रामटेकच्या डोंगरावर तो आजही आहे.

वा. वि. मिराशींनी वाकाटकांवर जे काम केलं, ते मराठीत उपलब्ध आहे. ते जाडजूड ग्रंथ ग्रंथालयात धूळ खात असतात. एकदा काढून प्रभावतीचे पट वाचावेत.

कोकणातला एक पुरावा मात्र फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. बदामीच्या चालुक्यांत दुसऱ्या पुलकेशीचा मुलगा चंद्रादित्य, आणि त्याची राणी विजयभट्टारिका. तिचे दोन ताम्रपट सिंधुदुर्गात मिळाले, एक कुडाळजवळच्या नेरूरला आणि दुसरा वेंगुर्ल्याकडच्या कोचऱ्याला. काळ सातव्या शतकाचा मध्य. पल्लवांनी बदामी जिंकून घेतली होती आणि चालुक्य घराणं मोडकळीला आलं होतं. नेरूरच्या पटात काळ दिला आहे तो 'स्वराज्या'च्या पाचव्या वर्षाचा. स्वराज्य कोणाचं, तिचं की नवऱ्याचं, यावर मतं वेगळी आहेत. पट तिच्या नावाने दिला आहे, हे मात्र वादाच्या पलीकडचं. आपल्या कोकणात हा शब्द शिवाजी महाराजांच्या हजार वर्षं आधी तांब्यावर कोरला गेला आणि तो कोरवणारी एक बाई होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

नागनिकेमागे नवरा, बलश्रीमागे मुलगा, प्रभावतीमागे बाप, विजयभट्टारिकेमागे पुन्हा नवरा. बाईच्या हातात सत्ता दिसली की मागचा पुरुष शोधायची सवय विद्वानांनाही सुटलेली नाही. पुरुष राजांच्या बाबतीत मागचे मंत्री, सेनापती, सासरे इतक्या चिकाटीने कोणी शोधत नाही. नवी मुंबईत राहणाऱ्याला हा प्रश्न जुना वाटू नये. १९९२च्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आपल्या महापालिकेच्या प्रभागांत बायका निवडून येतात, आणि प्रचाराच्या फलकावर शेजारी मोठा फोटो कोणाचा आहे, कारभार खरा कोण बघतो, याची चर्चा चहाच्या टपरीवर होते. काही ठिकाणी ती चर्चा खरीही असते. पण ज्या बाईने पाणी सोडण्याची वेळ बदलून घेतली, ज्या बाईने गटाराचं काम तडीस नेलं, तिच्या कामाच्या पाटीवर तिचं नाव कोणत्या क्रमाने आहे, ते पाहायला आपण शिकलो पाहिजे. नागनिकेच्या बाबतीत आपण तेच करतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचं नाव, मग बापाचं आणि मग आडनाव लिहायचं, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. आईचं नाव मुलाच्या नावात आणायला आपल्याला गौतमीपुत्रापासून इतकी वर्षं लागली.

नाणेघाटाला जायचं असेल तर पावसाळ्यानंतर, कार्तिकात जा. सकाळी लवकर निघा, पाणी जास्त ठेवा. लेण्यात शिरल्यावर अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांच्यावर खडू फिरवू नका, हात घासू नका. दगड झिजतो आणि एकेक अक्षर कायमचं जातं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. मग समोरच्या भिंतीवरचं दुसरं नाव वाचा आणि बरोबर मुलगी असेल तर तिला मोठ्याने वाचायला सांगा: देवि नायनिकाय.